कादंबरीचा कोरडा थर

वल्लरीचा फोन आला तेव्हा मी कारली चिरत होते. फोन ठेवला तेव्हा कारली तशीच पडली होती आणि माझ्या पाचावर धारण बसली होती. चौसष्ट वर्षांची बाई मी, नोकरीतून निवृत्त होऊन चार वर्षं झाली, सहसा कुणाला घाबरत नाही. आमच्या सोसायटीचे चेअरमन मला बघून लिफ्ट सोडतात आणि जिन्यानं जातात. पण त्या पोरीनं एवढंच विचारलं, "मावशी, वाघोलीच्या मोहिमेतली यंत्रं तुम्ही उडवायच्या आधी कुठे ठेवत होतात हो?"

"बघून सांगते," म्हटलं आणि फोन ठेवला. बघायचं काय होतं? मला सगळं लख्ख आठवत होतं.

हे कळायचं तर आधी कादंबरी कळायला हवी. डॉक्टर कादंबरी खांबेटे, आमच्या हवामान संशोधन संस्थेतली शास्त्रज्ञ. मी, मंदाकिनी पोंक्षे, तिच्या विभागात तांत्रिक सहायक. ऑफिसात मी तिला मॅडम म्हणायचे आणि गेटाबाहेर पडलो की कादंबरी. ती मला आत-बाहेर मंदाताईच म्हणायची, तेही अहो-जाहो करून. एकोणतीस वर्षं एका खोलीत बसलो आम्ही. नवऱ्याबरोबरही मी जागेपणी इतका वेळ बसलेली नाही.

मूळची ती कात्रजची. वडील डेअरीत दुधाचे नमुने तपासायचे. मुलगी फिजिक्समध्ये पहिली आली तर म्हणाले, आता बँकेची परीक्षा दे. हिनं दिली नाही. संस्थेत लागली तेव्हा पंचविशीत होती, दोन वेण्या घालायची, आणि पहिल्याच आठवड्यात साहेबांना तोंडावर म्हणाली, "सर, हा आलेख चुकलाय." साहेब म्हणाले, "अहो, हा आलेख माझा आहे." ही म्हणाली, "हो, म्हणूनच तुम्हाला सांगितलं." तेव्हाच मी ठरवलं, या मुलीशी आपलं जमणार.

तिला आयुष्यभर एकच प्रश्न पडला होता. पावसाळ्यात मधेच आठ-दहा दिवसांची उघडीप पडते ना, तेव्हा हवेत पाणी असतं, जमीन तापलेली असते, दुपारी ढग उठायला लागतात. उठतात, जरा उंच जातात आणि मरतात. गडगडाट होईल, वीज पडेल एवढे मोठे होतच नाहीत. फुलका तव्यावर टम्म फुगायला लागावा आणि मधेच बसावा, तसं. का? या एका 'का'साठी ती जून ते सप्टेंबर दुपारी दोन ते पाच संस्थेच्या गच्चीवर घड्याळ घेऊन उभी असायची. हा ढग किती वाजता जन्माला आला, किती वाजता गेला, सगळं लिहायची. एका बघायला आलेल्या मुलाला तिनं सांगितलं, चार महिने मी दुपारी कुणाची नसेन, चालेल का? त्याला चाललं नाही. "सुंठीवाचून खोकला गेला," म्हणाली आणि डबा उघडला. त्यानंतर तिनं तो विषयच बंद केला.

अठरा वर्षांपूर्वी तिला शेवटी मोहीम मंजूर झाली. वाघोलीच्या पुढे सर्जेराव म्हणून एका शेतकऱ्याचं रान संस्थेनं दोन पावसाळ्यांसाठी घेतलं. तिथून, उघडीप पडली की, रोज पहाटे साडेपाचला आणि संध्याकाळी साडेपाचला फुगा सोडायचा. फुग्याखाली मुठीएवढी डबी. ती वर जाता जाता तापमान, दाब आणि हवेतला ओलावा मोजते आणि खाली रेडिओवर पाठवते. डबी परत मिळत नाही, कुठेतरी बाभळीवर जाऊन लटकते. सर्जेराव पहिल्या दिवशी म्हणाले, "ताई, येवढं वर काय हाय बगायला? खाली या, ज्वारी बगा." पण फुगा धरायला रोज तेच पुढे.

आता ऐका, घोटाळा कुठे झाला. या डब्या चांदीच्या कागदाच्या पाकिटात हवाबंद येतात. उडवायच्या आधी पाच मिनिटं फोडायच्या, असा नियम. पण आमची सरकारी संस्था. स्टॉक तपासणारे आले आणि म्हणाले, प्रत्येक यंत्राचा क्रमांक रजिस्टरला चढवा. क्रमांक कुठे? डबीवर. डबी कुठे? पाकिटात. "मग पाकीट उघडा," म्हणाले. दोनशे चाळीस पाकिटं! कादंबरी चिडली, भांडली, शेवटी मोहीम अडेल म्हणून तिनं सही केली. मी कात्री घेऊन दोन दिवस बसले, पाकिटं कापली, क्रमांक लिहिले आणि डब्या सर्जेरावांच्या खोलीतल्या लोखंडी कपाटात रचल्या.

आणि त्या खोलीत झुरळं होती, ही एवढी. एका डबीची दोरी कुरतडलेली दिसली. मग मी काय केलं? जे माझ्या आईनं केलं, सासूनं केलं, कोणतीही शहाणी बाई पावसाळ्यात करते, तेच केलं. डांबरगोळ्या आणल्या, फडक्याच्या पुरचुंड्या बांधल्या आणि प्रत्येक कप्प्यात ठेवल्या. कपाट उघडलं की शालूच्या ट्रंकेचा वास यायचा. मला तर स्वतःचं कौतुक वाटलं होतं. दोन्ही पावसाळे एकही दोरी कुरतडली गेली नाही.

मोहिमेतून काय निघालं? साडेतीन ते पाच किलोमीटर उंचीवर हवेचा एक कोरडा थर निघाला. कुणालाच वाटलं नव्हतं एवढा कोरडा. ढग वर चढतो, त्या थरात शिरतो, ती कोरडी हवा त्याचं पाणी पिऊन टाकते आणि ढग मरतो. कादंबरीला तिचा 'का' मिळाला. मला अजून तिचा चेहरा आठवतो. टेबलावर आलेख पसरले होते आणि ती रडत होती, हसत होती, मला म्हणाली, "मंदाताई, सोळा वर्षं मी ज्याला शोधत होते तो हा!" तिचं नाव झालं. जपानला गेली, जर्मनीला गेली. त्या थराचा तिनं नियम बांधला, की सकाळच्या फुग्यात हवा इतकी कोरडी दिसली तर दुपारी मोठा ढग होणार नाही. त्या नियमावर चार जणांनी पीएच.डी. केली.

आणि अकरा वर्षांपूर्वी, एका गुरुवारी, यंत्र बनवणाऱ्या कंपनीचा एक इंजिनियर आम्हा तांत्रिक लोकांना शिकवायला आला. कादंबरी त्या दिवशी दिल्लीला होती, पारितोषिक घ्यायला. मी मागच्या रांगेत बसून पेंगत होते. तो पडद्यावर चित्र दाखवत म्हणाला, ओलावा मोजणारी जी पातळ पट्टी असते तिला वासाच्या वस्तूंपासून जपा. पाकीट आधी फोडू नका. रंग, सेंट, डांबरगोळ्या, यांची वाफ त्या पट्टीत शिरून बसते, मग पाण्याला जागा राहत नाही आणि हवा असते त्यापेक्षा कोरडी दिसते. वर थंडीत तर आणखीनच. डांबरगोळ्या म्हटल्यावर सगळे हसले. मी मनात कपाटाचे कप्पे मोजत होते.

सांगायला हवं होतं. हो, सांगायलाच हवं होतं! पण दुसऱ्या दिवशी ती दिल्लीहून आली ती पेढे घेऊन. सगळ्या विभागाला वाटले, मला दोन दिले, आणि साहेबांसमोर म्हणाली, "ही मोहीम मंदाताईंनी उभी केली." मी पेढा खाल्ला. मनाशी म्हटलं, थोडाफार फरक पडला असेल, एवढ्या मोठ्या शास्त्रज्ञांनी तपासलंय, त्यांना कळलं नसतं का? श्रीधरला, म्हणजे माझ्या नवऱ्याला, रात्री जेवताना सांगितलं. तो म्हणाला, "झाकली मूठ सव्वा लाखाची." मी झाकली. मग वर्ष गेलं, दुसरं गेलं, आणि पुढे पुढे तर आता कशाला, हेच उत्तर झालं.

म्हणून वल्लरीच्या फोननं माझी ही अवस्था. वल्लरी कादंबरीच्या हाताखालची तरुण शास्त्रज्ञ, हुशार आणि चिवट. ती म्हणाली, "मावशी, नवीन फुग्यांमध्ये तो थर इतका कोरडा येतच नाहीये. मॅडम म्हणतात वाघोलीत आता बिल्डिंगा झाल्या म्हणून. पण मावशी, चार किलोमीटर वर कसल्या बिल्डिंगा?" आणि नऊ दिवसांनी समितीची बैठक होती. त्या बैठकीत कादंबरीचा नियम शहराच्या रोजच्या इशाऱ्यात जाणार होता. म्हणजे सकाळी नियमानं 'नाही' म्हटलं की नदीकाठच्या वस्त्यांना हलवायचं नाही, पंप बाहेर काढायचे नाहीत, माणसं घरी पाठवायची.

तरीही मी दोन दिवस गप्प बसले. खोटं कशाला बोलू? माझी फुगे सोडायची वही माळ्यावर होती. त्यात माझ्याच अक्षरात लिहिलं होतं, 'कप्पा २ व ३, गोळ्या बदलल्या.' ती वही काढून मी गॅसच्या शेगडीशेजारी ठेवली, लायटर हातात घेतला आणि दूध उतू जाईपर्यंत तशीच उभी राहिले. श्रीधर आत आला, वही बघितली, लायटर बघितला, म्हणाला, "चहा करतेयस की पुरावा जाळतेयस? चहा असेल तर मलाही टाक." मेला, कायम असाच बोलतो. पण लायटर मी खाली ठेवला.

आणि तिसऱ्या दिवशी मंगळवार आला. चाचणी म्हणून नियम रोज चालवतच होते. सकाळी, बिल्डिंगांमुळे वाढला म्हणून नव्या फुग्याचा ओलावा कमी धरून, नियमानं सांगितलं, थर कोरडा आहे, मोठे ढग नाहीत. दुपारी सव्वाचारला खराडी ते वाघोली पाऊस असा कोसळला की दोन तासांत रस्त्याचा ओढा झाला. टीव्हीवर दाखवत होते, एक शाळेची बस अर्धी पाण्यात, मुलं खिडकीतून हात बाहेर काढून रडतायत, आणि माणसं दोर धरून त्यांना एकेक करून काढतायत. सगळी निघाली, देवाची कृपा. पण बैठकीनंतर हाच नियम खरोखरचा चालू झाला असता आणि दोर धरायला कुणी नसतं तर? मी टीव्ही बंद केला, दुसऱ्या दिवशी सकाळीच वही पिशवीत घातली आणि रिक्षा केली.

कादंबरी एकटीच राहते, औंधला. दार उघडलं, मला बघून खूश झाली. "अहो, फोन तरी करायचा! पोहे करते." ती किंचित दमलेली दिसत होती. तिलाही मंगळवार लागला होता, पण ती म्हणाली, एका दिवसानं नियम पडत नाही.

"पोहे नकोत," मी म्हटलं. "बस. आणि मला मधे थांबवू नकोस, नाहीतर मला सांगता यायचं नाही."

सांगितलं. कपाट, झुरळं, पुरचुंड्या, सगळं. वही पुढे ठेवली. फक्त गुरुवार सांगितला नाही. तो इंजिनियर, ते चित्र, ते हसणं, ते नाही सांगितलं. जीभ तिथपर्यंत गेली आणि मागे आली.

मला वाटलं ती ओरडेल. ओरडली असती तर मीही ओरडले असते, एकोणतीस वर्षं तेच केलं आम्ही. पण तिनं वही जवळ ओढली, चष्मा लावला आणि एकेक प्रश्न विचारायला लागली. गोळ्या किती? कुठल्या, पांढऱ्या की रंगीत? कप्प्याला दार होतं? किती दिवसांनी बदलायचात? बॅटरीची पेटी त्याच कपाटात होती का? मी उत्तरं देत होते आणि ती लिहून घेत होती. तिचं अक्षर अजिबात हललं नाही. माझी भीती त्यानंच वाढली.

"कळलं," ती शेवटी म्हणाली. "आता हे खरं की नाही, ते बघायला हवं. तुमचं म्हणणं आणि माझं म्हणणं, दोन्ही म्हणणीच आहेत." मग उठली आणि खरंच पोहे केले. आम्ही दोघींनी ते संपवले.

बैठकीला पाच दिवस उरले होते. त्या मोहिमेच्या खेपेतल्या सहा डब्या स्टोअरमध्ये सीलबंद पडून होत्या, क्रमांकाच्या रजिस्टरातून कशा सुटल्या देव जाणे. कादंबरीनं एक फोडली आणि लोखंडी कपाटात ठेवली, शेजारी मी पुरचुंड्या बांधून ठेवल्या, अगदी तेव्हासारख्या. वल्लरीनं जुना रिसिव्हर कुठूनसा शोधून चालू केला. "चारच दिवस ठेवतोय," कादंबरी म्हणाली. "तेव्हा काही डब्या तर वर्षभर राहिल्या होत्या. म्हणजे चार दिवसांत फरक दिसला तर तो तेव्हा जास्तच असणार." ते चार दिवस मी रोज संस्थेत जाऊन बसत होते, पगार नसताना. वॉचमननं विचारलं, "मॅडम, परत जॉईन झालात का?" मी म्हटलं, "नाही, शिक्षा भोगतेय." तो हसला.

बैठकीच्या आदल्या संध्याकाळी, साडेपाचला, आम्ही फुगा सोडला. बांबूची एक लांब काठी आडवी बांधली, तिला तीन डब्या. एक डांबरगोळ्यांतली, एक आत्ताच पाकिटातून काढलेली जुनी आणि एक नवीन जातीची. एकाच फुग्याखाली तिन्ही, म्हणजे तिन्ही एकाच हवेतून जाणार, वादाला जागाच नाही. उघडीप होती. पश्चिमेला ढग उठत होते. फुगा कादंबरीनं स्वतः धरला. दोन पावलं पळाली आणि सोडला. अठ्ठावन्न वर्षांची बाई, पण सोडायची पद्धत तीच, हात शेवटपर्यंत वर.

खोलीत आलो. पडद्यावर ओलाव्याच्या टक्क्यांच्या तीन रेषा होत्या, लाल, निळी, हिरवी. लाल रेषा डांबरगोळ्यांतल्या डबीची, निळी ताज्या फोडलेल्या जुनीची, हिरवी नवीची. वल्लरी उंची वाचत होती.

"आठशे मीटर. तिन्ही जवळ आहेत, मॅडम. लाल चारनं कमी."

"चार चालतं," कादंबरी म्हणाली.

"दीड किलोमीटर. लाल सातनं कमी."

मी मनात देवाचा धावा करत होते, आणि काय मागत होते तेच कळत नव्हतं. फरक नको म्हणावं तर नियम उद्या चालू होणार आणि तो मंगळवारी चुकलेला होता. फरक येऊ दे म्हणावं तर समोर बसलेल्या बाईचं आयुष्य जाणार. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं.

"तीन किलोमीटर. लाल अकरानं कमी."

कादंबरी खुर्चीतून उठून पडद्याजवळ गेली.

"साडेतीन. मॅडम, निळी आणि हिरवी बहात्तरला आहेत. लाल..." वल्लरीनं आकडा पुन्हा वाचला. "लाल त्रेपन्न."

साडेतीन ते पाच किलोमीटर, जिथे तिचा थर होता तिथे, लाल रेषा डावीकडे आत वळली आणि हुबेहूब तोच आलेख काढला, जो संस्थेच्या जिन्यात चौकटीत लावलाय, तिच्या नावासकट. निळी आणि हिरवी सरळ वर जात होत्या. तिथे थर नव्हता. जो होता तो माझ्या पुरचुंडीतून निघाला होता.

"सेव्ह कर," कादंबरी वल्लरीला म्हणाली. मग बाहेर गेली, तोंड धुऊन आली आणि म्हणाली, "उद्याचं मी बघते. मंदाताई, तुम्ही मागे बसा. काही बोलायचं नाही."

दुसऱ्या दिवशी समितीसमोर ती उभी राहिली. संचालक, महापालिकेचे दोन अधिकारी, बाहेरचे तीन शास्त्रज्ञ, आणि मागच्या रांगेत वल्लरी आणि मी. तिनं तीन रेषांचा आलेख लावला आणि सांगितलं, "माझा नियम मी मागे घेते आहे. तो चुकीच्या मोजमापावर उभा आहे." ती म्हणाली, "यंत्रं उघडून साठवली गेली, कपाटात डांबरगोळ्या होत्या. मोहीम माझी होती, सही माझी आहे, साठवणीची जबाबदारीही माझी." माझं नाव तिनं घेतलं नाही. मी पदर तोंडात धरून बसले होते. एवढी रडले नव्हते मी आई गेली तेव्हा.

बाहेरच्या एका शास्त्रज्ञानं विचारलं, "डॉक्टर खांबेटे, हे तुमच्या लक्षात कधी आलं?" प्रश्न सरळ होता, पण त्याचा रोख सगळ्यांना कळला. तुम्हाला हे आधीपासून माहीत होतं की काय?

"पाच दिवसांपूर्वी," ती म्हणाली.

"त्याआधी संस्थेत कुणालाच कल्पना नव्हती?"

"नाही," ती म्हणाली. ठामपणे, मान वर करून. "कल्पना असती तर मला सांगितलं गेलं असतं."

संचालकांनी ते लिहून घ्यायला सांगितलं. चहासाठी दहा मिनिटं थांबले. ती बाहेर व्हरांड्यात आली, कठड्याला टेकली. मी तिच्या मागोमाग गेले. तिला असं खोटं ठरू देणार होते का मी? उद्या त्या इंजिनियरच्या वर्गाची हजेरी कुणी काढली, त्यात माझी सही सापडली, तर सगळे म्हणणार, खांबेटेबाईंनी लपवलं.

"कादंबरी," मी म्हटलं. ऑफिसात पहिल्यांदाच म्हटलं. "मला माहीत होतं. अकरा वर्षं माहीत होतं." आणि गुरुवार सांगितला. पेंगत होते तेसुद्धा सांगितलं. पेढा सांगितला. "मी घाबरले गं. मला वाटलं तू मला दारात उभं करणार नाहीस."

ती वळली आणि आत गेली. मी दारात उभी होते, मला सगळं ऐकू येत होतं. "मघाशी मी दिलेलं उत्तर दुरुस्त करा," ती म्हणाली. "संस्थेतल्या तांत्रिक सहायक मंदाकिनी पोंक्षे यांना ही गोष्ट अकरा वर्षांपासून माहीत होती. मला आत्ता कळलं." पूर्ण नाव घेतलं तिनं माझं. सगळ्या माना दाराकडे वळल्या. मी तिथून हलले नाही. लाज वाटली, मेल्याहून मेल्यासारखं झालं, पण हलले नाही.

ती बाहेर आली. मला वाटलं होतं रागानं बोलेल. तिच्या आवाजात रागच नव्हता.

"गोळ्यांचं मी केव्हाच विसरले असते, मंदाताई," ती म्हणाली. "तुमच्या जागी मीही त्याच ठेवल्या असत्या. पण तुम्हाला कळलं तेव्हा मी सत्तेचाळीस वर्षांची होते. मला परत शोधता आलं असतं."

एवढं बोलून ती गच्चीच्या जिन्याकडे गेली. सव्वादोन वाजले होते, जुलै महिना, बाहेर ढग उठत होते. तिला निवृत्त व्हायला एक वर्ष आणि नऊ महिने उरलेत. मी तिच्या मागे जायला निघाले, तर वल्लरीनं माझा दंड धरला आणि म्हणाली, "नको मावशी. त्यांना जाऊ द्या."